बगळ्यांची सुनावणी

आकाशात ढग नव्हता, तरी नगराध्यक्ष सर्जेराव काळभोरांनी छत्री उघडली आणि मगच द्वारका शिलवंतच्या अंगणात पाऊल टाकलं. खानावळीच्या ओट्यावर जेवायला बसलेली आयटीआयची पोरं फिदीफिदी हसली.

"हसू नका रे," द्वारका आतून ओरडली. "साहेब पहिल्यांदाच आलेत. छत्रीनं इथं भागत नाही, हे त्यांना कसं ठाऊक असणार?"

तिचं बोलणं संपायच्या आत छत्रीवर टपटप पडलंच. वर चिंचेचं अवाढव्य झाड होतं आणि त्याची एकही फांदी रिकामी नव्हती. गायबगळे, रातढोकरी, मधूनच काळे पाणकावळे. जिकडे पाहावं तिकडे काटक्यांची घरटी आणि घरट्यांतून मान वर काढून खायला मागणारी पिल्लं. त्या कलकलाटात शेजारच्याशीही मोठ्यानं बोलावं लागत होतं. आणि वास तर विचारू नका. सडकी मासळी आणि ओला चुना एकत्र कालवावा तसा. श्रावणातली दुपार, हवा कोंडलेली. ओट्यावरच्या पोरांनी एका हातानं ताट झाकलं होतं आणि दुसऱ्या हातानं ती जेवत होती.

आम्ही तिथं गेलो होतो ते नगरपरिषदेची वृक्ष समिती म्हणून. आमच्या गावात कुणाला झाड तोडायचं असलं, अगदी स्वतःच्या दारातलं का असेना, तर आधी या समितीकडे अर्ज करावा लागे. समितीनं जागेवर जाऊन झाड बघायचं, झाडावर नोटीस लावायची, कुणाची हरकत असली तर ऐकून घ्यायची आणि मग हो किंवा नाही म्हणायचं. नगराध्यक्ष हेच समितीचे अध्यक्ष. त्यांच्याशिवाय मुख्याधिकारी तांबोळीसाहेब, दोन नगरसेवक, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक केंजळे आणि मी. मला घेतलं होतं ते झाडांची आवड असलेली व्यक्ती म्हणून. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रविवारी माझ्या ओसरीत मुलं गोळा करत असे. पानं ओळखायची, मुंग्यांच्या रांगेमागं हिंडायचं, पाहिलेलं पाटीवर काढायचं, असा आमचा वर्ग. सर्जेराव चौथीत माझ्याच हाताखाली होते. द्वारकाही होती, त्यांच्यानंतर काही वर्षांनी.

समितीची पाहणी म्हणजे जीप झाडापाशी थांबवायची, काच खाली करायची, "हे का ते?" म्हणून विचारायचं आणि पुढं निघायचं. द्वारकेचा अर्ज असाच जीपमधून पाहून दोनदा बाजूला पडला होता. या खेपेला मी म्हटलं, सुनावणी तिच्या अंगणातच घेऊ. सर्जेरावांना नाही म्हणता आलं नाही. वर्गात ज्यांनी आपला कान धरलाय त्यांना नाही म्हणणं माणसाला जन्मभर जड जातं.

द्वारकेनं ओट्यावर सतरंजी टाकली. "बसा. चहा ठेवलाय, पण झाकण ठेवून प्या."

"अर्ज काय आहे तो तोंडी सांगा," तांबोळीसाहेब म्हणाले. तरुण होते, नुकतेच बदलून आले होते आणि सगळं नियमानं करायची त्यांना हौस होती.

"तोंडी काय सांगू साहेब? नाक आहे की तुम्हाला." मग ती सरळ बोलू लागली. "मिरगापासून दिवाळीपर्यंत असं चालतं. आधी थोडे होते, आता वाढत चाललेत. अर्धवट गिळलेले मासे खाली पडतात. परवा एका पोराच्या आमटीत बेडूक पडला. पिल्लं पडतात ती वेगळीच. सकाळी उठले की आधी ती गोळा करते, परसात पुरते आणि मग चूल पेटवते. बँकेतली माणसं यायची बंद झाली. आता आयटीआयच्या वसतिगृहाचे रेक्टर म्हणालेत, पुढच्या पावसाळ्यात हे असंच असलं तर पोरांचं जेवण दुसरीकडे लावणार. ही पोरं गेली की माझी खानावळ मोडली. एवढंच आहे."

"मोठी वसाहत आहे ही," केंजळे वर पाहत म्हणाले. त्यांच्या चष्म्यावर एक पांढरा ओघळ आला होता, तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "तालुक्यात दुसरी नाही. द्वारकाबाई, तुमच्या दारात आहे हे तुमचं भाग्य समजा."

"सर, तुम्ही जेवता कुठं?"

"घरी."

"मग एक महिना इथं जेवा. भाग्य वाटून घेऊ."

ओट्यावरची पोरं पुन्हा हसली. केंजळेही कसनुसं हसले. ते म्हणाले, "तुमचा त्रास मला कळतो. पण घरट्यात अंडी-पिल्लं असताना झाडाला हात लावणं कायद्यानं गुन्हा आहे. आणि जुनं झाड एकदा गेलं की गेलं."

सर्जेरावांनी छत्री मिटली, परत उघडली. "वाद नको. आपण मधला मार्ग काढू. तोडायलाही नको, ठेवायलाही नको. छाटणीला परवानगी देऊ."

हा आमच्या समितीचा लाडका निर्णय होता. छाटणी म्हटलं की अर्जदार खूश आणि झाड वाचवणारेही खूश. प्रत्यक्षात काय होतं, ते बँकेसमोरच्या कडुनिंबाला विचारावं. धोकादायक फांद्या छाटायची परवानगी मिळाली, माणसं कुऱ्हाडी घेऊन चढली आणि संध्याकाळी नुसता खांब उरला. वर्षभरात वाळला. मग त्याला पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक बांधू लागले. कागदावर मात्र झाड शिल्लक.

मी काही म्हणायच्या आत द्वारकाच म्हणाली, "छाटणी नको साहेब. छाटली तर अर्धी पिल्लं माझ्या अंगणात मरणार आणि राहिलेली वर बसून घाण करणार. दोन्ही माझ्याच पदरात. तोडायचं तर तोडू द्या, नाहीतर नाही म्हणून सांगा. मी समजेन."

मी विचारलं, "द्वारके, खानावळ हलवायला दुसरी जागा आहे तुला?"

"असती तर बाई, यांच्या दारात कशाला गेले असते?"

"सर्जेराव, मंडईजवळ पालिकेचे नवे गाळे झालेत. पावसाळ्यापुरता एखादा हिला दिला तर?"

"गाळ्यांचे लिलाव झाले बाई. आणि ही झाडांची समिती आहे. गाळ्याचा विषय इथं कसा घेणार?"

तांबोळीसाहेबांनी मान हलवली. "नियमानं ते बरोबर आहे. समितीला झाडाबद्दल हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं."

"म्हणजे आपण हिला झाड ठेव म्हणू शकतो, पण ठेवण्यासाठी काही देऊ शकत नाही."

"तसंच म्हणा."

मग मी माझं मत सांगितलं. पिल्लं उडून जाईपर्यंत, दिवाळी होईपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही. त्यानंतर तिला झाड तोडू द्यावं. जिला दुसरी जागा नाही आणि आपण देऊही शकत नाही, तिला पक्ष्यांसाठी स्वतःच्या पोटावर पाय दे, असं सांगायचा अधिकार मला तरी नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. केंजळ्यांनी नाही. निघताना ते फाटकापाशी मला म्हणाले, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यानंतर किती तरी महिने ते रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूनं जात. मी ते मत दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आजही विचारलंत तर मी तेच मत देईन.

दिवाळीनंतर झाड पडलं. मी रविवारच्या मुलांना घेऊन गेले होते. नको म्हणत होते लोक, मुलांना कशाला असलं दाखवता म्हणून. पण गावात जे होतं ते मुलांना दिसलेलं बरं, असं मला नेहमी वाटत आलंय. बुंधा पडला तेव्हा रिकाम्या घरट्यांचा जमिनीवर ढीग झाला. मुलांनी एक घरटं उसवून पाहिलं. काटक्यांत तारेचे तुकडे होते, झाडूच्या काड्या होत्या, एक प्लास्टिकची दोरी होती. द्वारका दारात उभी होती. तिनं पाहिलं आणि आत गेली. तिला पोळ्या लाटायच्या होत्या.

पुढच्या वर्षी मृग लागला आणि बगळे आले.

ते आधी शिलवंतांच्या घरावर घिरट्या घालत राहिले, असं मुलं सांगत आली. मग एका सकाळी पाहावं तर सगळी वसाहत नगरपालिकेच्या आवारात! कचेरीच्या पुढच्या दारात, फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी जुनी रेन ट्रीची झाडं होती. एवढी ऐसपैस झाडं गावात दुसरीकडे नव्हतीच. आठवडाभरात तिथं बिऱ्हाडं थाटली गेली. मग गावाला रोज नवी गंमत. पाणीपट्टी भरायला आलेले लोक डोक्यावर वर्तमानपत्र धरून पळू लागले. अध्यक्षांच्या पांढऱ्या गाडीवर नक्षी उमटू लागली. सभागृहाच्या खिडक्या बंद झाल्या. एका सर्वसाधारण सभेत म्हणे विरोधी पक्षानं नाकाला रुमाल लावूनच भाषणं केली आणि तो निषेध आहे की वासाचा बंदोबस्त, हे कुणाला कळलं नाही.

लवकरच रेन ट्रीच्या बुंध्यांवर नोटिसा लागल्या. अर्जदार खुद्द नगरपरिषद. कारण, नागरिकांच्या आरोग्यास धोका. दिवाळीनंतर सर्व झाडं काढून टाकायची. ज्या कोणास हरकत असेल त्यांनी मुदतीत लेखी कळवावं.

त्या रविवारी मी मुलांना तिथंच नेलं. नोटीस वाचणं हाही धडाच. एकानं अडखळत मोठ्यानं वाचली. वैजयंती नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, तिनं विचारलं, "बाई, ज्या कोणास म्हणजे बगळ्यांना पण?"

"बगळ्यांना लिहिता येत नाही ना."

"मग त्यांच्याऐवजी कोण लिहिणार?"

"ज्याला वाटेल तो."

"तुम्ही लिहा की."

"मी समितीवर आहे. मी ऐकणारी. ऐकणाऱ्यानं स्वतःच तक्रार केली तर निवाडा कोण करणार?"

"मग आम्ही लिहितो," ती म्हणाली आणि लगेच चार-पाच हात वर झाले.

मला मोह झाला, नाही असं नाही. मुलांच्या अक्षरातल्या हरकती सभागृहात वाचल्या गेल्या असत्या तर कुणाचंही मन हललं असतं. पण मी म्हटलं, "आज मी तुम्हाला इथं आणलं म्हणून तुम्हाला वाटलं. मी आणलं म्हणून लिहिलेली हरकत ही माझीच, अक्षर फक्त तुमचं. घरी जा. मला न विचारता वाटलं तर लिहा."

मुलं घरी गेली आणि नेहमीप्रमाणे खेळात विसरली. केंजळेही माझ्यासारखेच समितीवर, म्हणून त्यांनाही हरकत घेता येईना. मुदत संपत आली तरी नगरपरिषदेकडे एकही हरकत आल्याचं कानावर आलं नाही. गावाला वाटत होतं, ब्याद जाते आहे ती जाऊ दे. हरकत नसली की अर्ज चर्चेशिवाय मंजूर व्हायचा, ही आमच्याकडची रीत. आणि ही झाडं गेली की या पक्ष्यांना गावात बसायला जागा उरत नव्हती.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात पंखे पूर्ण वेगात होते, उदबत्त्या लावल्या होत्या. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "अर्ज आपलाच आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. हरकत?"

"एक आहे," तांबोळीसाहेब म्हणाले. "काल शेवटच्या घटकेला आली. हरकतदार बाहेर थांबल्यात."

दार उघडलं आणि द्वारका आत आली. साडीला पीठ लागलेलं, हात नुकतेच धुतलेले. दोघा नगरसेवकांपैकी एकाला हसू आवरेना.

"द्वारकाताई, तुम्ही?" सर्जेराव म्हणाले. "वाट चुकलात का काय? ही झाडं तुमच्या दारातली नाहीत."

"म्हणून तर हरकत घ्यायला यावं लागलं. दारातली असती तर अर्ज केला असता."

"अहो, तुमचं झाड तुम्हाला तोडून दिलं आम्ही. तुमचा तो त्रास, आणि आमचा नाही? आमच्या नाकाला वास येत नाही?"

"येतो की. मला कुणी सांगायला नको तो कसा येतो ते." तिनं खुर्चीची पाठ धरली, बसली मात्र नाही. "साहेब, मागच्या वर्षी तुम्ही सगळे माझ्या ओट्यावर बसला होता. बाईंनी मला एकच विचारलं होतं, दुसरी जागा आहे का म्हणून. नव्हती. म्हणून मला तोडू दिलं. आता तेच मी तुम्हाला विचारते. तुम्हाला दुसरं दार आहे का नाही?"

"कसलं दार?"

"कचेरीचं. मागच्या बाजूला फाटक आहे. घंटागाड्या लागतात तिकडं. तिथं एकपण झाड नाही. पावसाळ्यापुरतं लोकांनी तिकडून यावं, तुम्ही तिकडून यावं. गाडी तिकडं लावावी. माझ्या खानावळीला एकच दार होतं, साहेब."

तो हसणारा नगरसेवक म्हणाला, "अध्यक्षांनी कचऱ्याच्या गाड्यांमधून यायचं?"

"आमची पोरं बगळ्याच्या घाणीखाली बसून जेवत होती," ती म्हणाली. "ती काय कमी दर्जाची होती?"

केंजळे वाकून तिच्याकडे पाहत होते. त्यांनी हळूच विचारलं, "द्वारकाबाई, एक विचारू? तुम्हाला तर यांचा एवढा त्रास झाला. मग आता यांच्यासाठी का आलात?"

ती केंजळ्यांकडे वळली.

"मिरगात परत आले तेव्हा आधी माझ्याकडंच आले, सर. झाड नाही. मग पत्र्यावर बसले. चोचीत काड्या होत्या. एकानं काडी पत्र्यावर ठेवली, ती घरंगळून खाली पडली. खाली येऊन उचलली, परत ठेवली. परत पडली. दुसरे पण तेच करत होते. दुपारभर चाललं. पोरांना वाढायचं सोडून मी बघत उभी राहिले. त्यांना कुठं ठेवायची ते कळेना." तिनं पदरानं हात पुसला. हात कोरडाच होता. "आता इथनं पण उठवलं तर ते परत काड्या घेऊन गावभर फिरतील. मला ते परत बघायचं नाही."

तांबोळीसाहेबांनी घसा साफ केला. "अर्जावर माझी सही आहे. तेव्हा मी मत देणं योग्य नाही." नियमाचा माणूस शेवटी नियमालाच जागला. अध्यक्ष सोडून आम्ही चौघं उरलो. केंजळे आणि मी अर्ज फेटाळा म्हणालो. दोघे नगरसेवक मंजूर म्हणाले. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत चालतं.

सर्जेराव उठून खिडकीशी गेले. बंद काचेतून खाली त्यांची गाडी दिसत होती. जरा वेळानं ते माझ्याकडे वळले. "बाई, ही शाळेत पण अशीच होती का हो?"

"नाही. शाळेत गप्प असायची. तुम्हीच बोलायचात."

ते हसले नाहीत. पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "ते मागचं फाटक वर्षानुवर्षं बंद आहे. किल्ली कुणाकडे असते? घंटागाडीवाले भिंतीच्या खिंडारातून ये-जा करतात म्हणे."

"बघायला लावतो," तांबोळीसाहेब म्हणाले.

"बघायला नको, उघडायलाच लावा. आणि ती वाट जरा नीट करून घ्या. लोक येणार आहेत तिकडून."

अर्ज नामंजूर, असं ते शेवटपर्यंत तोंडानं बोलले नाहीत. तांबोळीसाहेबांनी ते समजून लिहून घेतलं.

मी आणि द्वारका बरोबरच बाहेर पडलो. पायऱ्यांवर उभं राहिल्यावर तो वास आणि तो कलकलाट अंगावर आला. दोन्हीकडच्या झाडांवर पांढरंच पांढरं. कुणी पिल्लाच्या चोचीत चोच घालून भरवत होतं, कुणी शेजाऱ्याशी फांदीवरून भांडत होतं.

मी विचारलं, "द्वारके, चिंच तोडल्याचं वाईट वाटतं का गं?"

"वाटतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण बाई, खोटं कशाला बोलू? परत तशीच वेळ आली तर परत तोडीन. खानावळ आता बरी चाललीय. बँकेतले पण यायला लागले."

"मग पालिकेला का अडवलंस?"

"माझी अडचण होती बाई. यांची नुसती कटकट आहे." तिनं सहज सांगितलं, जशी ती खानावळीत कुणाला भाजी संपली म्हणून सांगत असेल. "चला, पोरं जेवायला येतील."

"मागनं जा, खिंडार आहे म्हणे तिकडं," मी म्हटलं. "साडी खराब होईल."

"मागचं दार पालिकेला सांगितलंय मी. मला काय करायचंय?"

तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि घाईनं, पण न पळता, त्या झाडांच्या खालून फाटकाकडे चालत गेली.